‘साधा फ्लू’ कोणासाठी साधा?

जगात कुठेही नवा विषाणू निघाला की आठवडाभरात दोन आवाज ऐकू येऊ लागतात. एक म्हणतो, काही नाही, साधा फ्लू आहे, दोन दिवस अंथरुणात पडा, काढा प्या, उतरेल. दुसरा म्हणतो, आता जग बुडाले. २००९ साली स्वाइन फ्लू आला तेव्हा हे झाले. २०२० साली कोरोना आला तेव्हा झाले. जानेवारी २०२५ मध्ये वाहिन्यांनी चीनमधल्या ‘एचएमपीव्ही’च्या बातम्या दिवसरात्र चालवल्या तेव्हाही झाले. वास्तविक हा विषाणू नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी २००१ सालीच शोधून काढलेला आणि आपल्याकडेही आधीपासून फिरणारा. पण वाहिन्यांना त्याचे काय! जुन्याला नवे म्हणून विकले तरी त्यांचा धंदा होतो.

वस्तीतला सामान्य माणूस या दोन आवाजांच्या मध्ये सापडतो. घाबरावे की निर्धास्त राहावे, हे त्याला कोणी धड सांगत नाही. नव्या विषाणूची नेहमीच्या फ्लूशी तुलना करू नये, असे आम्ही म्हणणार नाही. तुलना केलीच पाहिजे. तथागत बुद्धाने आम्हाला कार्यकारणभाव शिकवला आहे, आणि भीती व श्रद्धा दोन्ही बाजूला ठेवून कारण शोधायचे तर जे ठाऊक आहे त्याच्याशीच जे ठाऊक नाही ते ताडून पाहावे लागते. आमचा आक्षेप तुलनेला नाही. ‘साधा’ या शब्दाला आहे. हा शब्द कोण उच्चारतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचा हिशेब कधी मांडलाच जात नाही.

आधी शास्त्राचे पाहू. दरवर्षी येणारा फ्लू हा आपल्या शरीराच्या ओळखीचा असतो. विषाणू दरसाल थोडे रूप बदलतो, म्हणून लसही दरसाल बदलावी लागते. परंतु मागच्या वर्षांची काही ओळख शरीरात शिल्लक राहते. नवा विषाणू तसा नसतो. त्याची ओळख कोणाच्याच शरीराला नसते, म्हणून तो एकाच वेळी फार मोठ्या लोकसंख्येला धरतो. इथे साधे अंकगणित उपयोगी पडते. शंभरात एकाला मारणारा रोग दहा हजारांना झाला तर शंभर माणसे जातील. हजारात एकालाच मारणारा रोग दहा लाखांना झाला तर एक हजार जातील. ‘मृत्युदर कमी आहे’ एवढे सांगून जे थांबतात ते हिशेबाचा अर्धाच भाग सांगतात.

दुसरी गोष्ट मोजण्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नेहमीच्या फ्लूने दरवर्षी जगात २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसे श्वसनाच्या विकाराने मरतात. हा आकडा अंदाजाचा आहे, मृत्यूंच्या नोंदींवरून शास्त्रज्ञांनी काढलेला. नव्या विषाणूचे पहिल्या महिन्यांतले आकडे मात्र प्रयोगशाळेत तपासणी झालेल्यांचे असतात. एकीकडे अंदाज, दुसरीकडे मोजदाद, आणि दोन्ही एकाच तराजूत! २००९ च्या स्वाइन फ्लूने जगात सुमारे साडेअठरा हजार माणसे गेली असे त्या वेळी सांगितले गेले, कारण तेवढ्यांचीच तपासणी झाली होती. पुढे २०१२ साली शास्त्रज्ञांनी पुन्हा हिशेब केला तेव्हा पहिल्या वर्षाचे मृत्यू सुमारे २ लाख ८४ हजार असावेत, म्हणजे पंधरापट, असे निघाले. त्यांतले जवळपास निम्मे आग्नेय आशिया आणि आफ्रिकेतले. जिथे तपासणी नव्हती तिथेच माणसे अधिक मेली. न तपासलेला माणूस आकड्यात येत नाही, आणि आकड्यात आला नाही म्हणजे रोग साधा ठरतो. हा कोणता न्याय?

आपल्याकडे तर मरणाचे कारण लिहिण्याचीच मारामार. २०२० साली देशात नोंद झालेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेले होते. बाकीचे तापाने गेले, दम लागून गेले, वयाने गेले. गावकुसाबाहेरच्या वस्तीत तर ‘गेला’ एवढीच नोंद.

पुणे शहराला २००९ चा ऑगस्ट चांगला आठवत असेल. ३ ऑगस्ट रोजी चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी पुण्यात दगावली. स्वाइन फ्लूचा तो देशातला पहिला बळी. त्यानंतर शाळा बंद झाल्या, चित्रपटगृहे बंद झाली, महापालिकेच्या नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, पाच-दहा रुपयांचे मास्क काळ्या बाजारात गेले. निलगिरीचे तेल आणि कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या विकणाऱ्यांचेही फावले. त्या वर्षी देशात ९८१ मृत्यूंची नोंद झाली. पुढच्या वर्षी, २०१० साली, ती १,७६३ वर गेली. पण २०१० चा गोंधळ कोणाला आठवतो? कोणालाच नाही, कारण तो झालाच नाही. ऑगस्ट २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साथ संपल्याचे जाहीर केले आणि तोच विषाणू ‘हंगामी फ्लू’ या सदरात जमा झाला. हंगामी झाला म्हणजे मवाळ झाला असे सर्वांनी धरून चालले. २०१५ साली याच हंगामी विषाणूने देशात सुमारे तीन हजार माणसे मारली, त्यांत महाराष्ट्रातली नऊशेच्या आसपास. कालचा नवा विषाणू आजचा ‘साधा फ्लू’ होतो तो बहुतेक वेळा असा, माणसे मरायची थांबतात म्हणून नव्हे, तर प्रस्थापितांचे लक्ष उडते म्हणून.

२००९ च्या साथीत आणखी एक गोष्ट उघड झाली. नेहमीच्या फ्लूत मरतात ते बहुतांशी वृद्ध. या साथीत मेलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के ६५ वर्षांच्या आतले होते. म्हाताऱ्या माणसांच्या शरीराला अशाच जुन्या विषाणूची थोडीफार ओळख होती, तरुणांना नव्हती. आता विचार करा. घरातला मिळवता माणूस, तिशीतली बाई, गरोदर सून, हे ज्या रोगात जातात तो रोग सरासरीने फ्लूइतकाच आहे म्हणून काय सांगता? नाक्यावर उभे राहणाऱ्या कामगाराच्या घरात मिळवता हात एकच असतो. तो गेला की पोरांची शाळा जाते, मग खोली जाते.

सरासरी हा शब्द आम्हाला पूर्वीपासूनच संशयास्पद वाटत आला आहे. त्याचे कारण १९१८ सालात आहे. ही हकीकत आमच्या वाचकांनी नीट वाचावी आणि जपून ठेवावी.

जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. पहिले महायुद्ध चालू होते, सैनिकांची जहाजे ये-जा करीत होती. तो ताप हिवतापाचा नव्हता. तो इन्फ्लुएन्झा होता, म्हणजे फ्लूच. लोकांनी आणि सरकारनेही तो फारसा मनावर घेतला नाही, कारण पहिली लाट बऱ्यापैकी सौम्य होती. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे मेली. त्याच वर्षी पावसाने दगा दिलेला, धान्य महागलेले, डॉक्टर मोठ्या संख्येने युद्धावर. हिंदुस्थानात त्या साथीने सव्वा कोटी ते पावणेदोन कोटी माणसे नेली असे अभ्यासक सांगतात. १९११ ते १९२१ हे देशाच्या जनगणनेच्या इतिहासातले एकमेव दशक, ज्यात लोकसंख्या वाढली नाही, घटली.

एवढे पुष्कळ ठिकाणी छापून येते. पुढचे येत नाही. मुंबईच्या आरोग्य खात्याने त्या वर्षी इन्फ्लुएन्झाने मेलेल्यांची समाजवार मोजदाद केली होती. दर हजारी मृत्यू असे: युरोपियन ८.३, पारशी ९, हिंदू १८.९, मुसलमान १९.२, हिंदी ख्रिस्ती १८.४. आणि ‘खालच्या जातीचे हिंदू’ असे ज्यांना त्या तक्त्यात म्हटले होते त्यांचे प्रमाण ६१.६!

एकसष्ट दशांश सहा. शहर एक, हवा एक, विषाणू एक. साहेबाच्या बंगल्यात हजारी आठ मेले आणि आमच्या आजा-पणज्यांच्या खोल्यांत एकसष्ट. सवर्ण हिंदूंपेक्षाही तिपटीहून अधिक. जातीने विषाणू बदलला होता काय? नाही. बदलली होती ती खोली, जिच्यात दहा माणसे एका श्वासात झोपत. पोट रिकामे होते. आणि अंगात ताप असतानाही झाडू, मैल्याची पाटी, गोदीतले पोते सोडून घरी बसण्याची सोय नव्हती. आजारी माणसाला उब, पाणी, पेज आणि पाच दिवस विश्रांती मिळाली तर फ्लूचे पुष्कळसे रोगी त्या काळीही उठून बसत. तेवढेच आमच्यापाशी नव्हते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्यांचे बिऱ्हाड परळच्या चाळीत होते. कॉलेजात काही सहकारी प्राध्यापकांना काळजी कशाची पडली होती? साथीची नव्हे. या नव्या प्राध्यापकाने आपल्यासाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी पिऊ नये, याची! शहरात प्रेते उचलायला माणसे अपुरी पडली त्याला दोन महिनेही झाले नव्हते, आणि विद्वानांच्या डोक्यात विटाळ होता. पुढे जानेवारी १९१९ मध्ये बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष देऊन अस्पृश्यांच्या स्वतंत्र प्रतिनिधित्वाची मागणी केली. ज्यांची मरणेही सरासरीत बुडवली जातात त्यांची गाऱ्हाणी सरासरीचे प्रतिनिधी मांडत नाहीत, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते असे आम्हाला वाटते.

आता १०२ वर्षे पुढे या. मार्च २०२०. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरो राज्यातला कोरोनाचा पहिला बळी ठरली ती एक ६३ वर्षांची मोलकरीण. तिची मालकीण इटलीहून परतली होती. विमानाने प्रवास मालकिणीने केला, मरण मोलकरणीला आले. त्यानंतर आठवड्याभरातच त्या देशाचे अध्यक्ष बोल्सोनारो यांनी दूरचित्रवाणीवरून भाषण करून या रोगाची संभावना किरकोळ फ्लू अशी केली. आपण खेळाडू होतो, आपल्याला काही होणार नाही, हेही सांगितले. त्या देशात पुढे सात लाखांवर माणसे गेली. ‘साधा’ हा शब्द कोणाच्या तोंडी असतो, ते यावरून कळावे.

आपल्याकडे सरकारने दुसरे टोक गाठले. २२ मार्चला थाळ्या वाजवून झाल्या आणि २४ मार्चच्या रात्री चार तासांच्या मुदतीने सारा देश बंद केला गेला. ज्याच्या घरात महिन्याचे धान्य आणि बँकेत पगार होता त्याला ती रजा वाटली. ज्याचे पोट रोजावर होते तो रस्त्याला लागला. ८ मे २०२० रोजी जालन्याहून निघालेले थकलेले मजूर करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली १६ जण चिरडले गेले. हे मृत्यू कोणत्या विषाणूच्या खात्यात मांडायचे? रोगाला हलके लेखणारे आणि रोगाचा बाऊ करणारे, दोघांनीही एकाच माणसाला गृहीत धरले नव्हते. तो माणूस आमचा होता.

त्या काळात ‘सोशल डिस्टन्सिंग’ हा शब्द निघाला. आमच्याकडच्या काही दीडशहाण्यांना लगेच स्फुरण चढले, पहा, आमच्या पूर्वजांचे सोवळे-ओवळे किती शास्त्रीय होते! जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘सामाजिक’ नव्हे, ‘शारीरिक अंतर’ म्हणावे असे सुचवले. ते या मंडळींना ऐकू आले नाही. सामाजिक अंतर म्हणजे काय हे आम्हाला नव्याने शिकवण्याची गरज नाही. बाकी शारीरिक अंतर पाळायला आमचा समाज कोणाच्या मागे राहिला नाही. १४ एप्रिल २०२० ची भीमजयंती लोकांनी घराघरांत दिवा लावून साजरी केली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा जनसागर त्या वर्षी घरी थांबला. गोमूत्राच्या मेजवान्या देणारे वेगळे होते.

पण दहा बाय दहाच्या खोलीत अंतर पाळायचे कुठे? जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ताची पाहणी झाली. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना विषाणू स्पर्शून गेलेला आढळला, इमारतींत १६ टक्के. नळ सार्वजनिक, संडास सार्वजनिक, मग विषाणू खाजगी कसा राहील? झोपडपट्टीत वस्ती तरुण, म्हणून संसर्गाच्या मानाने तिथे मृत्यू कमी नोंदले गेले. लगेच काही पंडितांनी शोध लावला की गरिबांची प्रतिकारशक्तीच दांडगी असते. त्यांना आम्ही १९१८ चा तक्ता दाखवू इच्छितो. प्रतिकारशक्ती गरिबीतून येत असती तर एकसष्टचा आकडा मलबार हिलवर पडला असता.

कोरोनाने भारतात २०२१ अखेर ४ लाख ८१ हजार मृत्यू झाले असे सरकार सांगते. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज ४७ लाखांचा आहे. सरकारने तो फेटाळला. वाद चालू द्या. आमचा प्रश्न निराळा आहे. या मृतांत आमचे किती? सफाई कामगार किती, स्मशानात काम करणारे किती, घरकाम करणाऱ्या बाया किती? अमेरिकेने कृष्णवर्णीयांचे मृत्यू वेगळे मोजले, म्हणून तिथे २०२० साली त्यांचा मृत्युदर वयाचा हिशेब धरून गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट होता हे जगाला कळले. इंग्लंडनेही वंशवार आकडे प्रसिद्ध केले. भारत सरकारने जातवार आकडे दिले नाहीत. गोऱ्या साहेबाच्या राज्यात आमचे मरण निदान एका रकान्यात तरी लिहिले गेले होते. स्वतंत्र भारताच्या तक्त्यात तो रकानाच नाही.

तेव्हा उद्या पुन्हा नवा विषाणू आला आणि तो फ्लूसारखा आहे की नाही अशी चर्चा सुरू झाली, तर आमच्या कार्यकर्त्यांनी पहिला प्रश्न विचारावा तो रजेचा. ताप आलेल्या माणसाला पाच दिवस घरी बसता येईल काय आणि त्या पाच दिवसांची मजुरी त्याला मिळेल काय? फ्लू असो, कोरोना असो की ज्याचे नावही अजून पडलेले नाही असा कोणी असो, आजारी माणूस कामावर आला की तो स्वतःही खचतो आणि शेजाऱ्यालाही देतो. मुखपट्टी वाटणे सोपे आहे, खाडा भरून देणे कठीण.

हे बाबासाहेबांना फार आधी दिसले होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम १९४३ साली प्रा. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले, १९४४ साली अहवाल आला आणि त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. या योजनेत विमा असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. म्हणजे तापात घरी बसण्याचा हक्क कायद्यात आहे. नाही तो कोणाला? घरकामगार बाईला नाही, नाका कामगाराला नाही, कचरा वेचणारीला नाही. कंत्राटी सफाई कामगाराला कागदावर आहे, पण कंत्राटदार भरणाच करीत नाही ही तक्रार नेहमीची. मुंबईत २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तेव्हा कुठे २०१७ साली आदेश मिळाला. जे शहर आपली घाण उचलणाऱ्याला आपला नोकर म्हणायला तयार नसते, ते त्याच्या तापाची रजा कशी देणार?

दुसरा प्रश्न लसीचा आणि दवाखान्याचा. हंगामी फ्लूची लस बाजारात पैसे मोजून मिळते. गरोदर माता आणि जोखमीच्या रुग्णांना ती मोफत देण्याचे काम महाराष्ट्राने २०१५ पासून सुरू केले, ते चांगलेच झाले. पण सफाई कामगार, आशाताई, रुग्णालयातले वॉर्डबॉय आणि आया यांना ती दरवर्षी हक्काने मिळाली पाहिजे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के रक्कम सरकार आरोग्यावर खर्च करील असे लिहून ठेवले होते. २०२१-२२ साली, म्हणजे कोरोनाचा मार खाल्ल्यानंतरही, तो खर्च १.८४ टक्के होता. खाजगी रुग्णालयाच्या दारात अनामत रकमेसाठी अडून राहिलेल्या माणसाला या दशांश चिन्हाचा अर्थ आम्ही समजावून सांगण्याची गरज नाही.

तिसरे, मोजणी. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जातीची नोंद घेण्याचे जाहीर केले. चळवळीची ही जुनी मागणी. जिवंत माणसाची जात मोजायची ठरली आहे तर मृत्यूच्या आकड्यांत त्याचा समाज, त्याचे काम आणि तो चाळीत राहत होता की झोपडीत, हे का येऊ नये? दाखल्यावर जात छापा असे आमचे म्हणणे नाही. जातीचा शिक्का मेल्यानंतरही कपाळी नको. पण आरोग्य खात्याने साथीच्या वर्षी समाजवार, धंदेवार मृत्युदर प्रसिद्ध करावा, जसा मुंबईत १९१८ साली केला गेला. राखीव मतदारसंघांतून विधानसभेत गेलेल्या आमदारांनी येत्या अधिवेशनात एवढा एक प्रश्न लेखी विचारावा: कोरोनाच्या दोन वर्षांत राज्यातल्या महापालिका आणि नगरपालिकांचे किती कायम व किती कंत्राटी सफाई कामगार मृत्यू पावले, आणि त्यांपैकी कितींच्या कुटुंबांना भरपाई मिळाली? कोण विचारतो आणि काय उत्तर येते, ते आम्ही याच स्तंभात छापू.